खोली करण्याआधी कागद मागा : मराठवाड्यातील पालकांना एका घरमालकिणीचे खुले पत्र

प्रति,
दहावीच्या निकालानंतर आपल्या मुलामुलींना लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षणासाठी खोली करून देणारे मराठवाड्यातील सर्व पालक

सस्नेह नमस्कार.

मी लातूर शहरात राहते. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत आणि गेली बारा वर्षे त्या मी बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलींना भाड्याने देत आले आहे. दरवर्षी जूनमध्ये अहमदपूर, कंधार, जिंतूर, केज, कळमनुरी अशा ठिकाणांहून वडील किंवा मामा मुलीला घेऊन येतात. सोबत गादीची वळकटी, स्टीलचा डबा, पुस्तकांची पिशवी आणि चेहऱ्यावर काळजी असते. ते तीनच गोष्टी विचारतात : भाडे किती, पाणी किती दिवसांनी येते आणि क्लास किती लांब आहे. उत्तर मिळाले की डिपॉझिटचे पैसे माझ्या हातावर ठेवतात, "ताई, तुमच्या भरवशावर लेकरू ठेवून चाललो" एवढेच म्हणतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातात. या बारा वर्षांत एकाही पालकाने स्वतःहून माझ्याकडे भाडेकराराचा कागद मागितलेला नाही. हे पत्र त्या न मागितलेल्या कागदाबद्दल आहे.

कागद का मागितला जात नाही, याचे कारण मला ठाऊक आहे. आपल्या भागात शब्दाला किंमत आहे, आणि ज्याच्या घरात आपले मूल राहणार त्याच्याकडे पहिल्याच दिवशी सही मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे आपल्याला वाटते. शिवाय खोल्या थोड्या आणि मुले फार अशी जूनमधली परिस्थिती असते. जास्त चौकशी केली तर मालक खोली दुसऱ्याला देईल ही भीती असतेच. मी स्वतः घरमालकीण असल्यामुळे हा संकोच दूर करण्याची जबाबदारी माझ्यासारख्यांवर अधिक आहे असे मी मानते. म्हणून सुरुवातीलाच सांगते की लेखी करार करणे आणि त्याची नोंदणी करणे ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. तुम्ही तो मागता तेव्हा माझ्यावर अविश्वास दाखवत नाही. माझे राहिलेले काम मला आठवण करून देता.

ते काम माझेही राहिले होते. पहिली सहा-सात वर्षे मी कोणाशीच करार केला नाही. एका उन्हाळ्यात नळाचे पाणी दहा दिवसांनी येऊ लागले, बोअरचे पाणी आटले आणि मी टँकर मागवू लागले. माझ्या समजुतीप्रमाणे टँकरचा खर्च राहणाऱ्यांनी वाटून घ्यायचा होता. एका मुलीच्या वडिलांच्या समजुतीप्रमाणे पाणी भाड्यातच धरलेले होते. आम्ही दोघेही खोटे बोलत नव्हतो. जूनमध्ये जिन्यात उभ्या उभ्या झालेल्या बोलण्यातले ज्याला जे महत्त्वाचे वाटले ते त्याच्या लक्षात राहिले होते, इतकेच. शेवटी त्यांनी परीक्षा तोंडावर आलेली असताना मुलीला दुसरीकडे हलवले आणि मी डिपॉझिटमधून टँकरचे पैसे कापून उरलेली रक्कम परत केली. ते पैसे कापण्याचा मला कोणताही अधिकार नव्हता, हे मला पुढे कायदा वाचताना समजले. त्या मुलीचे परीक्षेआधीचे काही दिवस सामान बांधण्यात आणि नवी मेस शोधण्यात गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

कायदा काय सांगतो ते आता पाहू. मराठवाडा पूर्वी हैदराबाद राज्यात होता आणि तेथे घरभाड्यासाठी १९५४चा स्वतंत्र कायदा होता. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९४७चा कायदा आणि विदर्भात १९४९चा आदेश लागू होता. हे तिन्ही बाजूला ठेवून संपूर्ण राज्यासाठी एकच कायदा करण्यात आला, तो म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार जागा भाड्याने दिलेली असो किंवा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीसाठी फक्त वापराच्या परवानगीवर दिलेली असो, करार लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा करार नसेल आणि वाद झाला, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत त्याविरुद्ध काही सिद्ध होत नाही तोपर्यंत. म्हणजे माझ्या त्या टँकरच्या वादात कायदा त्या वडिलांच्या बाजूने उभा होता. पण ज्याची मुलगी महिन्याभराने परीक्षेला बसणार आहे, तो माणूस न्यायालयात जाऊन आपले म्हणणे मांडत बसत नाही. तो मुकाट्याने खोली बदलतो. हे तरतूद लिहिणाऱ्यांना माहीत नसेल, पण जिन्यात उभ्या असलेल्या बापाला ते नीट माहीत असते.

"११ महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही" असे तुम्हाला एजंट सांगेल, काही घरमालकही सांगतील. या समजुतीला एके काळी आधार होता, कारण १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती टाळण्यासाठी ११ महिन्यांची पद्धत देशभर पडली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ ला मुदतीची कोणतीही अट नाही. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर मजकूर टाइप करून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजेही नोंदणी होत नाही. नोंदणी ही राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडेच होते. ती दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करता येते, किंवा आधारच्या पडताळणीने ऑनलाइनही होते. ऑनलाइन नोंदणी करून देणारे लोक यंत्र घेऊन घरीही येतात.

खर्चाची भीतीही अवास्तव आहे. लिव्ह अँड लायसन्ससाठी मुद्रांक शुल्क हे करारकाळातील एकूण भाडे आणि बिनव्याजी डिपॉझिटवर दरसाल १० टक्के दराने धरलेली रक्कम यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के इतके असते. खोलीचे भाडे ७,००० रुपये, डिपॉझिट १४,००० रुपये आणि मुदत ११ महिने धरली, तर हे शुल्क साधारण दोनशे रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे, ग्रामीण भागात ५०० रुपये. हाताळणीचे किरकोळ शुल्क आणि काम करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. खोली दाखवण्यासाठी एजंट एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मागतो आणि आपण ती देतो. त्या मानाने ही रक्कम फार नाही. माझ्या घरी हा खर्च निम्मा-निम्मा वाटला जातो, पण तो पूर्ण मालकाने करावा असे कोणी म्हटले तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

अकरावी-बारावीसाठी येणाऱ्यांना आणखी एक सुचवते. मूल दोन वर्षे राहणार हे ठरलेले असताना दरवर्षी ११ महिन्यांचा नवा करार करण्यात तुमचा तोटा आहे, कारण प्रत्येक नव्या जूनमध्ये भाडे वाढवून मागण्याची संधी मालकाला मिळते. लिव्ह अँड लायसन्स करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दोन वर्षांचा एकच करार करा, दुसऱ्या वर्षी भाडे किती वाढेल हे त्यातच आकड्यांत लिहा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली बंद असेल त्या महिन्याचे भाडे पूर्ण, अर्धे की काहीच नाही हेही लिहा. मे महिन्याच्या भाड्यावरून आमच्या गल्लीत दरवर्षी कुठे ना कुठे आवाज चढतात. मुलाला वातावरण मानवले नाही म्हणून वर्षाच्या मध्यात परत न्यावे लागले, तर किती दिवस आधी सांगायचे आणि डिपॉझिटचे काय होणार, हेही त्याच वेळी ठरवून ठेवावे.

आता एक मुद्दा असा आहे की तो मी अनेक सुशिक्षित घरमालकांनाही समजावून सांगितला आहे. अकरावीत आलेले मूल सोळा वर्षांचे असते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला करार करता येत नाही. मुलाच्या नावाने केलेला करार म्हणूनच निरुपयोगी आहे, मग त्यावर कितीही सह्या असोत. करार आई किंवा वडिलांच्या नावाने झाला पाहिजे आणि खोलीत प्रत्यक्ष कोण राहणार त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव त्यात लिहिले गेले पाहिजे. एका खोलीत तीन मुली राहणार असतील तर तिघींच्या पालकांची नावे येऊ द्या आणि कोणाचा हिस्सा किती ते स्पष्ट करा. तसे न केल्यास एक मुलगी सोडून गेल्यावर तिच्या वाट्याचे भाडे उरलेल्या दोघींकडून मागितले जाते, आणि त्या दोघींना नाही म्हणण्यासाठी हातात काहीच नसते.

लिव्ह अँड लायसन्स आणि भाडेपट्टा यांतला फरकही समजून घ्या. भाडेपट्ट्यात भाडेकरूला त्या जागेत काही हक्क मिळतो. लायसन्समध्ये फक्त वापराची परवानगी मिळते आणि मुदत संपली की ती संपते. विद्यार्थ्यांच्या खोल्या बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात येतात. मुदतीनंतर खोली सोडली नाही, तर कलम २४ नुसार घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट भाडे आकारले जाते. याच कलमात असेही म्हटले आहे की लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. याचा अर्थ असा की सही केल्यावर "मला तसे सांगितले नव्हते" या वाक्याला फारसे वजन उरत नाही. एजंटने आणलेला मसुदा इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, घाई करत असेल तर एक दिवस मागून घ्या आणि गावाकडे ज्याला वाचता येते त्याच्याकडून शब्द न् शब्द वाचून घ्या.

खोलीऐवजी वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून मूल ठेवत असाल, तर भाडे नियंत्रण कायदा त्याला लायसेन्सी, म्हणजे लायसन्सवर राहणारी व्यक्ती, मानत नाही. तेथे पैशांची पावती आणि लेखी नियमावली एवढाच तुमचा आधार आहे. त्या दोन्ही आधी घ्या आणि मगच रक्कम भरा.

पाण्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मराठवाड्यात भाड्याच्या घरातील निम्मी भांडणे पाण्यावरून होतात असा माझा अनुभव आहे. लातूरला मांजरा धरणातून पाणी येते. एप्रिल २०१६ मध्ये ते धरण कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे तुम्ही विसरला नसाल. छत्रपती संभाजीनगरलाही नळाचे पाणी रोज येत नाही. कलम २९ नुसार घरमालकाला पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातील दिवे किंवा स्वच्छतेची सोय तोडता येत नाही, आणि तोडल्यास न्यायालयात दाद मागता येते. परंतु महापालिकेचे पाणीच आले नाही तर काय, हे कायदा सांगत नाही. ते तुम्हाला करारातच ठरवावे लागते. माझ्या आताच्या करारात त्यासाठी एक स्वतंत्र परिच्छेद आहे. गच्चीवरची टाकी किती लिटरची, ती तीन खोल्यांत सामाईक आहे की वेगळी, नळाचे पाणी आल्यावर हौदातून टाकीत चढवण्याची मोटार कोण लावणार, टँकर मागवला तर त्याची पावती दाखवून खर्च किती हिश्शांत वाटायचा, आणि पिण्याच्या पाण्याचा जार कोणी घ्यायचा, हे सर्व त्यात लिहिलेले आहे. टँकरच्या वाटणीत मी स्वतःच्या कुटुंबाचाही हिस्सा धरते, कारण तेच पाणी आम्हीही वापरतो. हा परिच्छेद लिहिल्यापासून पाण्यावरून एकही वाद झालेला नाही.

दुरुस्तीचेही असेच आहे. घर राहण्याजोगे ठेवणे हे कलम १४ नुसार घरमालकाचे कर्तव्य आहे. छत गळणे, भिंतीला ओल येणे, संडासची पाइपलाइन तुंबणे, वायरिंग जळणे ही त्याची कामे आहेत. भाडेकरूने लेखी कळवून किमान पंधरा दिवस वाट पाहिली आणि तरीही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये. येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. दुरुस्तीची आणि पाणी-वीज न तोडण्याची ही कलमे कायद्यात भाडेकरूचे नाव घेऊन लिहिलेली आहेत. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर त्यांच्यावर विसंबून राहू नका. तोच आशय करारात शब्दांत उतरवून घ्या. मोठी दुरुस्ती मालकाची, बल्ब आणि नळाची तोटी यांसारखी किरकोळ कामे राहणाऱ्याची, आणि तक्रार मोबाइलवरच्या संदेशानेही लेखी धरली जाईल, एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत. महापालिकेचा मालमत्ता कर कोण भरणार हेही एका ओळीत लिहून घ्या. तो मालकानेच भरावा, राहणाऱ्याच्या माथी मारू नये.

विजेसाठी खोलीला स्वतंत्र मीटर असेल तर उत्तम. महावितरणचे एकच मीटर आणि खोल्यांना सबमीटर असेल, तर प्रतियुनिट दर आधी विचारा आणि मूळ बिल पाहायला मागा. विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार वाढत जातो, त्यामुळे सगळ्या खोल्यांचा वापर एकाच मीटरवर आला की सर्वांनाच वरचा दर पडतो, हे खरे आहे. पण बिलापेक्षा जास्त रक्कम राहणाऱ्यांकडून गोळा करणे हे कोणत्याही सबबीवर योग्य नाही. खोली पाहताना वायरिंग उघडे आहे का, अर्थिंग आहे का, खिडकी उघडते का हे स्वतः तपासा. न्हाणीघरात गॅस गीझर असेल आणि हवा जायला जागा नसेल तर ती खोली घेऊच नका. बंद जागेत गॅस जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि आतले मूल बेशुद्ध पडले तरी बाहेर कळत नाही.

डिपॉझिटची कमाल मर्यादा महाराष्ट्राच्या या कायद्यात घातलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे, परंतु तो नमुना आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो घरमालकाला बांधील होत नाही. तरीही बोलणी करताना तो आकडा पुढे ठेवायला हरकत नाही. मीही दोनच महिन्यांचे घेते. रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने घरमालकाच्याच खात्यावर द्या. एजंटच्या खात्यावर, "मालक गावाला गेलेत" असे सांगणाऱ्या शेजाऱ्याच्या हातात, किंवा करार होण्याआधी "खोली अडकवण्यासाठी" म्हणून काहीही देऊ नका. समोरची व्यक्ती खरोखर मालक आहे का हे मालमत्ता कराची पावती आणि वीज बिल यांवरील नाव पाहून कळते. भाड्याची पावती देणे हेही मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ती दरमहा घ्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या शासनाच्या स्वाधारसारख्या योजनेचा अर्ज करताना भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो आणि त्या वेळी पावत्या नसल्या की मुले रडकुंडीला येतात.

मी तरुणपणी शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात भाड्याने राहत होते, तेव्हा खोली सोडताना रंगकामाच्या नावाखाली माझे सगळे डिपॉझिट कापून घेण्यात आले होते. भिंतीवरचे डाग मी येण्याआधीपासून होते, पण ते सिद्ध करायला माझ्याजवळ काही नव्हते. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. पहिल्या दिवशी सामान आत नेण्याआधी चारही भिंती, छत, दाराची कडी, खिडकीच्या काचा, नळ, पंखा आणि मीटरचे रीडिंग यांची छायाचित्रे काढा आणि ती त्याच दिवशी घरमालकाला पाठवून द्या. राहण्याने होणारी नेहमीची झीज, म्हणजे रंग फिका पडणे किंवा फरशी घासली जाणे, ही राहणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. फुटलेली काच किंवा मोडलेली कडी मात्र त्याने भरून द्यायची असते. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि कापले तर कोणत्या बिलांच्या आधारे, हे करारात लिहा.

मुलींच्या पालकांसाठी पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. घरमालकाला आपली जागा पाहण्याचा हक्क आहे, पण कलम २८ नुसार तो आधी कळवून आणि योग्य वेळीच बजावता येतो, आणि ही तरतूद लायसन्सवर दिलेल्या जागेलाही लागू आहे. दुसरी चावी मालकाकडे राहणार असेल तर ती कोणत्या प्रसंगी वापरायची ते विचारा. दाराला आतून भक्कम कडी हवी. कॅमेरे असतील तर ते जिन्यावर आणि फाटकावर असावेत, खोलीच्या दाराकडे वळलेले नसावेत. मुलीच्या खोलीत तिच्या परोक्ष शिरणारा माणूस कितीही वडीलधारा असला तरी तो चूक करतो आहे, आणि हे तिला घरून निघण्यापूर्वीच सांगून ठेवले पाहिजे, म्हणजे पहिल्या वेळीच ती तुम्हाला फोन करेल.

खोली मागायला आलेल्या माणसाला आधी आडनाव विचारायचे आणि मग "आत्ताच दुसऱ्यांना दिली" असे सांगायचे, हा प्रकार आमच्या शहरांत सर्रास चालतो. मी तो माझ्या शेजारी पाहिला आहे आणि त्याबद्दल बोलले आहे. अशा दारातून परत फिरलेल्या पालकांची मी घरमालक म्हणून माफी मागते. हे थांबवण्याचे काम तुमचे नाही, आमचे आहे.

राहणाऱ्याच्या जबाबदाऱ्याही मुलांना समजावून पाठवा, कारण बहुतेकांसाठी हे आयुष्यातले पहिले भाड्याचे घर असते. भाडे ठरल्या तारखेला देणे ही त्यातली उघड गोष्ट आहे. नळ उघडा ठेवून कॉलेजला जाणे ही त्याहून गंभीर आहे, कारण आठवड्याने आलेले पाणी एका दुपारी गटारात गेलेले मी पाहिले आहे. पाणी तापवायचा रॉड बादलीत लावून क्लासला जाऊ नये. शेगडी वापरायची असेल तर वायरिंगला तो भार पेलतो का हे विचारावे. भिंतीतून पाणी झिरपताना दिसले तर त्याच दिवशी सांगावे. मालकाच्या संमतीशिवाय मैत्रिणीला कायमचे राहायला आणणे हे पोटभाडेकरू ठेवण्यासारखेच आहे आणि कायद्याने त्यास मनाई आहे. वडील किंवा भाऊ मुक्कामाला येणार असतील तर आधी सांगावे, त्यात कोणालाच अडचण येत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हे घरमालकाचे काम आहे. त्यासाठी तुमच्या आधारची प्रत आणि छायाचित्र मागितले तर द्या, पण प्रतीवर कशासाठी दिली ते लिहून द्या. गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला मूळ स्वरूपात कोणी ठेवून घेऊ पाहत असेल तर नकार द्या.

वाद चिघळलाच तर प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. सामान बाहेर फेकणे किंवा बाहेरून कुलूप लावणे असा प्रकार घडला तर ११२ वर फोन करायला मुलांनी क्षणभरही थांबू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ऑनलाइन नोंदणीत आधारशी जुळणारा अंगठ्याचा ठसा लागतो, आणि ज्यांनी आयुष्यभर शेतात काम केले त्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर अनेकदा उमटत नाहीत. मागच्या वर्षी एक वडील माझ्या अंगणात तासभर हात धुऊन, पुसून, पुन्हा पुन्हा बोट ठेवत बसले होते आणि शेवटी इतके ओशाळले की करार राहू द्या म्हणू लागले. आम्ही तो राहू दिला नाही. येण्याआधी जवळच्या आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून या, दोन साक्षीदारांची आधार कार्डे सोबत असू द्या, आणि तरीही यंत्राने साथ दिली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन काम पूर्ण करू. त्यासाठी संध्याकाळची एसटी धरायची घाई करू नका. एका रात्रीच्या मुक्कामाला आमचे घर आहे.

आपली,
लातूर येथील एक घरमालकीण